चोरलमध्ये कुठला महाशीर सोडावा? नदीतल्या माशांची जनुकीय विविधता आणि खोऱ्यांचा हिशेब

महूजवळच्या एका मित्रमंडळाने तीन प्रश्न विचारले आहेत. हे मंडळ चोरल नदीच्या काठची साफसफाई करतं आणि आता त्यांना नदीत महाशीर हा गोड्या पाण्यातला मोठा मासा परत आणायचा आहे. महाराष्ट्रातल्या एका हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) मिळायची सोय झाली आहे. निम्मी चोरलमध्ये आणि निम्मी इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावात सोडायची, असा बेत आहे. पहिला प्रश्न: महाशीर तो महाशीर, मग बी कुठल्या नदीचं आहे याने काय बिघडतं? दुसरा: हॅचरीचं बी जनुकीयदृष्ट्या चांगलं आहे हे ओळखायचं कसं? तिसरा प्रश्न मंडळातल्या, प्राणिशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या मुलीचा आहे. शोधनिबंधांत एफएसटी, हेटरोझायगोसिटी, ‘के’ असे आकडे येतात ते वाचायचे कसे, आणि आपणच नमुने घ्यायचे ठरवलं तर काय काळजी घ्यायची?

निर्णय आधी सांगतो. ती बोटुकली चोरलमध्ये सोडू नका. यशवंत सागरात तर अजिबात नको. माझी सगळी नोकरी मासे सांभाळण्याची आणि त्यांचे नमुने तपासण्याची होती. तेवढ्या भरवशावर हे बोलतो आहे. आता कारणं.

इंदूरच्या माणसाला हा विषय समजायला नकाशा पुरतो. जानापावच्या डोंगरावर उभं राहा. उत्तरेकडे उतरणारं पाणी चंबळ, गंभीर, क्षिप्रा यांच्यातून यमुनेत, तिथून गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. दक्षिणेला घाट उतरणारं पाणी चोरल, कारम यांच्यातून नर्मदेत येतं आणि खंबातच्या आखातात जातं. आपल्या शहरातून वाहणारी कान्ह नदी उत्तरेची, आणि सुटीच्या दिवशी आपण जिथे डबे घेऊन जातो ती चोरल दक्षिणेची. मध्ये अंतर फार नाही, पण माशाला ते कधीच ओलांडता येत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाचं जग पाणलोटाच्या रेषेवर संपतं. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायची वाट समुद्रातून आहे आणि खारं पाणी महाशीरला चालत नाही.

मग दोन्हीकडे एकच जात कशी, असं विचाराल. भूगर्भाच्या काळात नद्यांची उगमाकडची टोकं सरकतात, एका नदीचा वरचा ओहोळ दुसरी नदी ओढून घेते, त्याबरोबर मासेही पलीकडे जातात. पण ही घटना एकदा घडून गेली की दोन्हीकडचे मासे हजारो पिढ्या एकमेकांपासून तुटलेले राहतात. एका बाजूला उन्हाळ्यात डोह तापतात, दुसऱ्या बाजूला पूर वेगळ्या वेळी येतो, रोगजंतू वेगळे असतात. निवड आणि निव्वळ योगायोग या दोघांचं काम दोन्हीकडे स्वतंत्रपणे चालू राहतं. खवले मोजून, डोकं मोजून फरक दिसेलच असं नाही, डीएनएत दिसतो.

समुद्री आणि गोड्या पाण्यातल्या माशांची तुलना करणारा १९९४ सालचा एक अभ्यास आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो. अनेक जातींची प्रथिनांच्या पातळीवरची माहिती एकत्र करून त्यात असं दिसलं की समुद्री माशांत एकूण जनुकीय विविधतेपैकी साधारण ६ टक्के वाटा वेगवेगळ्या ठिकाणच्या समूहांमधल्या फरकाचा असतो. गोड्या पाण्यातल्या माशांत तोच वाटा २२ टक्क्यांच्या आसपास निघाला. बांगड्याच्या तर्काने महाशीरचा विचार केला तर निर्णय चुकतो, तो इथे. समुद्रात किनाऱ्याकिनाऱ्याने मिसळ होत राहते. नदीत प्रत्येक खोरं, कधी कधी प्रत्येक उपनदी, वेगळा हिशेब ठेवते.

धबधबा असला तर आणखी गंमत होते. पातालपाणीसारख्या कड्यावरून मासा पुरात खाली येऊ शकतो, खालचा वर जाऊ शकत नाही. जनुकांचा प्रवाह एकाच दिशेने चालतो. त्यामुळे कड्याच्या वरचा छोटा समूह विविधतेने गरीब, पण स्वतःचं काही खास राखून असलेला, आणि खालचा समूह मिसळलेला, असं चित्र बऱ्याच नद्यांत सापडतं. हे महाशीरपेक्षा दगडांना चिकटून राहणाऱ्या गारा किंवा लोचसारख्या बोटभर माशांत जास्त ठळक असतं, कारण ते लांबचा प्रवास करतच नाहीत. मंडळाला माझी विनंती आहे की महाशीरच्या मोठेपणात या छोट्यांना विसरू नका. चोरलची खरी जुनी नोंद कदाचित त्यांच्याच अंगात सर्वांत नीट राखलेली असेल.

आता तुमच्या बोटुकलींकडे येतो. नर्मदेतला ओळखीचा महाशीर, ज्याला आपल्याकडचे केवट (नदीवरचे नावाडी-कोळी) बाडस म्हणतात, तो टॉर टॉर. मध्य प्रदेशचा राज्य मासा हाच. महाराष्ट्रातल्या हॅचऱ्यांत पारंपरिकरीत्या पैदास होते ती टॉर खुद्रीची, म्हणजे दख्खनी महाशीरची. १८३९ साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून, म्हणजे भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातल्या. तेव्हा तुमच्या हाती पडणारं बी बहुधा वेगळ्या खोऱ्याचंच नव्हे तर वेगळ्या जातीचं असणार. हॅचरीवाल्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचे मूळ प्रजनक कुठल्या नदीतून, कुठल्या साली आणले? उत्तर लेखी मिळालं नाही तर पुढे बोलायचं कारण नाही.

वेगळ्या जातीचा महाशीर परक्या नदीत गेला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. लोणावळ्याच्या जलविद्युत तलावांवर १९७०च्या दशकात महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. ते काम मोलाचं होतं, महाशीर जगवण्याच्या तळमळीने केलेलं होतं आणि ते तंत्र पुढे देशभर गेलं. पण तिथल्या निळ्या पराच्या महाशीरची, म्हणजे याच टॉर खुद्रीची, पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा कुबडा महाशीर होता, जगातल्या सगळ्यांत मोठ्या महाशीरांपैकी एक. गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी नंतर अभ्यासल्या गेल्या, तेव्हा निळ्या पराचा मासा वाढत गेलेला आणि कुबडा जवळजवळ दिसेनासा झालेला आढळला. कुबड्या महाशीरची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. नाव निश्चित होईपर्यंत मासा जायला आला होता. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणंही तिथे होतीच, सगळा दोष बीजावर टाकता येणार नाही. पण परका महाशीर सोडून नदीचं भलं होतं हा समज कावेरीनंतर कुणी बाळगू नये.

समजा, हॅचरीने खरोखर टॉर टॉरच दिला. तरीही यशवंत सागराला माझा नकार राहील, आणि तो भूगोलामुळे. यशवंत सागर गंभीर नदीवर आहे. गंभीर क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला मिळते. तो गंगेच्या कुटुंबातला तलाव आहे, इंदूरच्याच सिरपूर तलावाबरोबर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेला. नर्मदेचा मासा तिथे सोडणं म्हणजे निसर्गाने वेगळी ठेवलेली दोन घराणी आपल्या हाताने मिसळणं. ‘चंबळेतही महाशीरच्या नोंदी आहेतच की,’ असं तुमच्या पत्रात लिहिलं आहे. आहेत, आणि म्हणूनच तिथे नर्मदेचा महाशीर नको. जिथे त्या जातीचं काहीच नाही तिथे मिसळ होत नाही. जिथे थोडे मूळ मासे उरले आहेत तिथेच ती होते आणि ती परत घेता येत नाही. बाहेरचे पालक मिळाल्याने पहिल्या पिढीत पिल्लं जोमदारही दिसतात. पुढच्या पिढ्यांत स्थानिक हवामानाला, पुराच्या वेळेला, रोगांना जुळलेली जनुकांची जुळणी मोडते आणि जगण्याचं प्रमाण घसरू शकतं.

दुसरा प्रश्न हॅचरीच्या बीजाचा. यात मला जरा जास्त वेळ घालवायचा आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते टाळणं सर्वांत सोपं आहे.

रोहूची एक किलो वजनाची मादी दोन लाखांच्या घरात अंडी देते. दोन-चार चांगल्या माद्या मिळाल्या की गावोगावच्या तलावांचा धंदा भागतो. नरांचं तर त्याहून कमी लागतं. एका नराच्या मिल्टमध्ये (शुक्राणू असलेल्या द्रवात) कितीतरी माद्यांची अंडी फळतात. म्हणून हॅचरीत प्रजनक कमी ठेवण्याकडे कल असतो: कमी मासे, कमी खाद्य, तेवढंच बी. महाशीरची अंडी रोहूच्या मानाने फार कमी, तरी कल तोच. हिशेबाच्या वहीत बी लाखांत दिसतं, पण त्याचे आईबाप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या वर्षी त्यातलीच मोठी झालेली भावंडं प्रजनक म्हणून टाकीत उतरतात.

याचं गणित शाळकरी आहे. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागा. जे येतं ती प्रजननाची परिणामकारक संख्या. हॅचरीत ५० माद्या आणि २ नर असतील तर उत्तर येतं ७.७. बावन्न मासे टाकीत असून जनुकांच्या दृष्टीने जेमतेम आठ. दर पिढीला अंतःप्रजनन (नात्यातल्या माशांमधली पैदास) किती वाढतं ते या संख्येच्या दुपटीने १ ला भागून मिळतं. इथे साडेसहा टक्के. त्याऐवजी १० नर आणि १० माद्या घेतल्या, तर वीसच मासे, पण परिणामकारक संख्या २० आणि वाढ अडीच टक्के. २५ जोड्या ठेवल्या तर एक टक्का. म्हणून हॅचरीला विचारायचं ते ‘प्रजनक किती’ एवढंच नाही. नर किती आणि माद्या किती, हे वेगवेगळं विचारा.

त्यातही एक बारकावा आहे. अनेक नरांचं मिल्ट एका वाटीत मिसळून अंड्यांवर टाकायची पद्धत सर्रास आहे. दिसायला ती विविधतेची वाटते. प्रत्यक्षात शुक्राणूंची स्पर्धा होते आणि एकदोन नरच बहुतेक अंडी फळवतात. बाकीचे वहीत राहतात, पिल्लांत येत नाहीत. म्हणून प्रत्येक मादीची अंडी चार भांड्यांत वाटून प्रत्येक भांड्यावर वेगळ्या नराचं मिल्ट टाकावं, आणि शेवटी प्रत्येक जोडीची साधारण सारखी पिल्लं पुढे न्यावीत. यात सकाळचा एखादा तास जास्त जातो. मी पाहिलेल्या हॅचऱ्यांत हा तास कुणी खुशीने दिला नाही, पण ज्यांनी दिला त्यांचं बी वर्षानुवर्षं टिकलं. आणखी एक विचारून घ्या: रोहू आणि कटला एकाच गोल टाकीत एका वेळी अंडी घालतात का? घालत असतील तर संकरित पिल्लं निघतात, ती प्रजननक्षम असतात आणि पुढे नदीत गेली की शुद्ध जातीची ओळखच पुसते.

आता हीच कमी पालकांची पिल्लं नदीत सोडली तर? मंडळातल्या एकाने लिहिलं आहे, ‘थोडी कमजोर असली तरी संख्या तर वाढेल.’ राइमन आणि लाइक्र या संशोधकांनी १९९१ मध्ये नेमक्या याच समजाचा हिशेब मांडला. समजा, नदीत मूळ माशांची परिणामकारक संख्या २०० आहे. हॅचरीची ८ आहे. सोडलेल्या पिल्लांमुळे पुढच्या पिढीतले निम्मे मासे हॅचरीचे झाले. तर एकत्र समूहाची परिणामकारक संख्या २०८ होत नाही. ती ३१ वर येते. नदीत मासे दुप्पट दिसतील, जाळी भरतील, पण जनुकांच्या दृष्टीने नदी सातव्या हिश्श्यावर आलेली असेल. उरलेल्या रानटी माशांना सगळ्यात मोठा धोका भरभरून यशस्वी झालेल्या अशा बीजवाटपातून असतो. फसलेल्या बीजवाटपात निदान पिल्लंच मरतात.

विविधता म्हणजे प्रत्यक्षात काय मिळतं, हेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं कागदावरचं वाटतं. भुवनेश्वरच्या सीफा संस्थेने १९९२ मध्ये नॉर्वेच्या मदतीने रोहूची निवड पद्धतीने पैदास सुरू केली. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा आणि सतलज या पाच नद्यांतून रोहू आणला आणि त्यात फार्मवरचा स्थानिक साठा मिळवला. त्यातून जयंती रोहू तयार झाला; वाढीत दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांची सुधारणा मिळाली. ही सुधारणा खाद्याची किंवा पाण्याची नव्हती. नद्यांनी वेगवेगळी राखून ठेवलेली जनुकं होती म्हणून निवडायला काहीतरी होतं. तळ्यातल्या शेतीसाठी नद्यांची मिसळ करायला हरकत नाही, पण ती करता आली कारण नद्यांत मूळ साठे वेगळे शिल्लक होते. तेच मिसळून टाकले तर उद्याच्या जयंतीसाठी काय आणणार?

धरणांबद्दल थोडक्यात. नर्मदेवर बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, खाली सरदार सरोवर अशी रांग झाली आहे. महाशीर पावसाळ्यात उपनद्यांच्या स्वच्छ, गोटे असलेल्या पाण्याकडे चढतो. भिंतीने ती वाट तुटते आणि एक समूह तुकड्यांत वाटला जातो. पण इथे एक सापळा आहे, तो एमएस्सीच्या मुलीने नीट समजून घ्यावा. इंदिरा सागर पूर्ण झालं २००५ च्या सुमारास. महाशीरची पिढी चार-पाच वर्षांची धरली तर तेव्हापासून आजवर चार-पाच पिढ्या झाल्या. दोन्ही बाजूंच्या समूहांची परिणामकारक संख्या २०० असेल, तर पाच पिढ्यांत त्यांच्यातला एफएसटी, म्हणजे दोन समूहांतल्या जनुकीय फरकाचं माप, फक्त ०.०१२ होतो. म्हणजे तपासणीत ‘फरक नाही’ असं येईल आणि कुणीतरी लिहील की धरणाने काही बिघडलं नाही. प्रत्यक्षात वाट तुटलेलीच आहे. डीएनएवर तिचा ठसा उमटायला वेळ लागतो. हीच संख्या २५ असती तर एवढ्याच काळात तो ०.०९६ वर गेला असता. लहान समूहात नुकसान लवकर दिसतं, मोठ्यात उशिरा.

एफएसटी वाचायची रीत यातून आलीच. शून्य म्हणजे दोन ठिकाणच्या माशांत अलीलांचं (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचं) प्रमाण सारखं, एक म्हणजे काहीच सामाईक नाही. ०.०५ पर्यंत फरक कमी, ०.०५ ते ०.१५ मध्यम, त्याच्या वर मोठा, असं पुस्तकात असतं. ते सूअल राइट या आनुवंशिकशास्त्रज्ञाच्या काळापासून चालत आलेलं ढोबळ माप आहे. आकडा कुठल्या मार्करवर (तपासणीसाठी निवडलेल्या डीएनएच्या जागेवर) काढला आणि मासे किती पिढ्यांपासून वेगळे आहेत, हे कळल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही. राइटचाच आणखी एक नियम लक्षात ठेवा: दर पिढीला एकच परका मासा येऊन प्रजननात सामील झाला तरी दोन समूह फार दूर जात नाहीत. म्हणून मंडळाने महाशीर विकत आणण्याआधी चोरल आणि नर्मदा यांच्यातली पावसाळ्यातली वाट मोकळी आहे का ते पाहावं. ती मोकळी असेल तर नर्मदाच तुम्हाला तुमचे मासे देईल, फुकट आणि योग्य खोऱ्याचे.

हेटरोझायगोसिटी म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून वेगळा अलील मिळालेल्या माशांचं प्रमाण. तिचे दोन आकडे येतात, अपेक्षित आणि प्रत्यक्ष. प्रत्यक्ष कमी आला की बहुतेक विद्यार्थी लगेच ‘अंतःप्रजनन’ लिहितात. तीन शक्यता असतात. खरंच नात्यातले मासे एकमेकांत वाढले असतील. किंवा तुम्ही नकळत दोन वेगळे समूह एकाच पिशवीत घातले असतील, मग प्रत्येक समूह निरोगी असूनही एकत्र आकडा पडतो. किंवा एखाद्या मार्करवर काही अलील यंत्राला दिसतच नसतील. घसरण एकदोन मार्करवरच असेल तर तिसरी शक्यता. सगळ्यांवर सारखी असेल तर पहिल्या दोन. मग नमुने ठिकाणवार वेगळे करून पुन्हा काढा. वेगळे केल्यावर तूट गेली, तर दुसरीच खरी होती. अलीलांची संख्याही आवर्जून पाहा. समूह आक्रसतो तेव्हा दुर्मीळ अलील आधी जातात, हेटरोझायगोसिटी बराच काळ ठीक दिसत राहते.

महाशीरमध्ये आणखी एक अडचण. रोहू-कटल्याला पन्नास गुणसूत्रं असतात, महाशीरला शंभर. त्याच्या पूर्वजांत कधीतरी संपूर्ण संचच दुप्पट झाला. त्यामुळे एकाच प्रायमरने (डीएनएची हवी ती जागा पकडणाऱ्या छोट्या तुकड्याने) दोन जागा उचलल्या जातात आणि एका माशात तीन-चार पट्ट्या दिसतात. त्या बेधडक मोजल्या तर विविधता फुगलेली दिसते. असे मार्कर सरळ वगळावेत. मायटोकाँड्रियाचा डीएनए स्वस्त आणि सोपा आहे, जात ओळखायला सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा पुरतो. पण ती फक्त माहेरची ओळख. बापाकडून काय आलं ते त्यात नसतं. आई टॉर टॉर आणि बाप खुद्री असलेला संकरित मासा या तपासणीत शुद्ध टॉर टॉर म्हणून पास होतो. हॅचरीने केवळ हे प्रमाणपत्र दाखवलं तर मान डोलावू नका. केंद्रकातल्या डीएनएचे मार्कर मागा.

‘के’ म्हणजे संगणकाने सुचवलेली समूहांची संख्या. त्यासाठीचा स्ट्रक्चर नावाचा प्रोग्राम २००० सालापासून वापरात आहे आणि रंगीत पट्ट्यांचं ते चित्र पाहून सगळे खूश होतात. एवढंच सांगतो की ‘के’ निवडायची डेल्टा-के ही लोकप्रिय पद्धत ‘एकच समूह आहे’ हे उत्तर देऊच शकत नाही. तिच्या गणितातच ते बसत नाही. शिवाय नदीच्या लांबीवर हळूहळू बदलत जाणारा एकच समूह असेल आणि तुम्ही नमुने दोन टोकांचे घेतले, तर चित्र दोन समूह दाखवेल. मधल्या गावांतले नमुने घेतल्याशिवाय त्यावर विश्वास नको.

नमुन्यांबद्दल, कारण निम्मं काम इथेच बिघडतं. एका ठिकाणचे तीस तरी मासे असावेत, आणि ते एकाच दिवशी एकाच जाळ्यात आलेली बोटभर पिल्लं नसावीत. ती भावंडं असतात. भावंडांचा गट तपासला तर प्रत्येक घाट वेगळा समूह वाटतो. महेश्वरच्या घाटावर पिठाच्या गोळ्यांवर जमणारे मासे हाताशी असतात, पण केवळ त्यांच्यावर नर्मदेचं चित्र उभं करू नये. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या डोहांतले मासे घ्या. केवटांना आधी विश्वासात घ्या. कुठल्या डोहात बाडस उरला आहे, हे त्यांच्याइतकं कुठल्याच अहवालात नसतं.

मासा मारायची गरज नाही. ओल्या हातांनी धरून सावलीत, पाण्याच्या टबात ठेवावा. शेपटीच्या पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कात्रीने कापावा. तो भाग परत वाढतो. तुकडा ९५ टक्के इथेनॉल भरलेल्या कुपीत टाकावा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलावं, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. फॉर्मालिन चुकूनही नको, डीएनएचे तुकडे पडतात. कुपीत चिठ्ठी टाकायची ती शिसपेन्सिलीने लिहिलेली. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि घरी आल्यावर हाती कोऱ्या कागदांच्या कुप्या उरतात. प्रत्येक माशानंतर कात्री स्पिरिटने पुसून ज्योतीवरून फिरवा. माशाचा डाव्या बाजूने, शेजारी पट्टी ठेवून, फोटो घ्या. ठिकाण लिहिताना नुसतं ‘चोरल’ लिहू नका. चोरल धरणाच्या वर की खाली, हे हवं.

उत्तरेकडच्या नद्यांचे नमुने घ्याल तेव्हा आणखी एक नोंद लागेल. २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड योजना सुरू झाली. ओंकारेश्वर प्रकल्पाचं पाणी पंपांनी घाट चढवून उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमाकडे सोडलं जातं. निसर्गाने वेगळ्या ठेवलेल्या दोन खोऱ्यांना आता पाइप जोडतो. तेव्हा क्षिप्रेतला प्रत्येक नमुना त्या तोंडाच्या वरचा की खालचा, हे कुपीवर असलंच पाहिजे. उद्या नर्मदेची जनुकं क्षिप्रेत सापडली तर ती कुठून आली, हे त्याशिवाय सांगता येणार नाही.

तपासणीसाठी गाठायच्या संस्था दोन. जनुकीय कामासाठी लखनौचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो, आणि पैदाशीच्या सल्ल्यासाठी नर्मदापुरमजवळचं पवारखेडा इथलं केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं (सीआयएफई) केंद्र. बडवाहला वनविभागाने नर्मदेच्या महाशीरची पैदास करून पाहिली आहे. पिल्लं हवीच असतील तर आधी तिकडे विचारणा करा, निदान खोरं तरी एकच राहील. नदीत काहीही सोडण्याआधी मत्स्य विभागाची लेखी परवानगी घ्या.

मागवलेली बोटुकली रद्द करता येत असतील तर आजच करा. आगाऊ पैसे दिले असतील आणि घ्यावीच लागली, तर ज्याच्या पाण्याला बाहेर वाट नाही अशा शेततळ्यात ठेवा, पावसात काठ ओलांडणार नाही एवढा बांध चढवा, आणि ती दुसऱ्या कुणाला नदीत सोडायला देऊ नका. यशवंत सागर त्यासाठी चालणार नाही. पावसाळ्यात त्याचा सांडवा वाहिला की मासे थेट गंभीरेत. मंडळाने यंदाचा उन्हाळा चोरलचे डोह मोजण्यात घालवावा: मे महिन्यात कुठे किती पाणी उरतं, खाली वाळू आहे की गोटे, कोण विष किंवा सुरुंग वापरतं. नमुन्यांची पहिली फेरी त्याच दिवसांत घ्या. पाणी कमी असतं, मासे मोजक्या डोहांत गोळा झालेले असतात आणि पावसाळ्यात कुठून कोण वर येतं याची तुलना करायला तुमच्याकडे आधीचा नमुना राहतो.